ड्रायरमधली शाई : आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये सात किलोचा ड्रायर घेतला तेव्हा अर्ध्या गल्लीनं मला वेड्यात काढलं. सोलापुरात ड्रायर? उन्हाळ्यात इथं दोरीवरची चादरसुद्धा बघता बघता पापडासारखी वाळते. पण नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. आलं की साठलेले सगळे कपडे एकाच दिवशी धुवायचे, आणि पावसाळ्यात नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून येतं. त्या बाबतीत मशीनबद्दल तक्रार नाही. वीजबिल वाढलं, ते वाढणारच होतं.

ऑगस्टमध्ये घात झाला. सासरे पाण्याची वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवतात, त्यामुळे बॉलपेन कायम खिशात. ते शर्टासकट धुतलं गेलं तरी काही झालं नाही. ड्रायरच्या उष्णतेनं मात्र शाई पातळ झाली आणि पेननं चाळीस मिनिटं ड्रमभर रांगोळी काढली. दार उघडलं तर कपड्यांवर निळी नक्षी, आणि सासरे मागून विचारतायत, "माझं पेन बघितलंस का गं?"

आधी साबणाचं पाणी आणि घासणी. शून्य फरक. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याला दाद देत नाही. मग शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून नेलपॉलिश रिमूव्हर. स्टीलवरचा डाग गेला, पण ड्रमच्या आत कपडे उलटेपालटे करणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात ना, त्यातली एक पांढुरकी, खरखरीत झाली. रिमूव्हरमधलं अॅसिटोन प्लॅस्टिक खातं. तो डाग माझ्या हातचा, आणि तो कायमचा. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तिकडून न बघताच सल्ला, "ड्रम बदला मॅडम."

कामाला आलं ते मेडिकलमधलं साधं स्पिरिट. प्लग काढला, मशीन पूर्ण गार होऊ दिलं, खिडक्या उघडल्या, शेजारच्या शेगडीचा सिलिंडर बंद केला. स्पिरिट ड्रममध्ये ओतायचं किंवा फवारायचं नाही, भोकांतून आत उतरतं. फडक्याचा कोपरा भिजवायचा, डागावर मिनिटभर दाबून धरायचा, मग कडेकडून मध्याकडे पुसायचं. फडक्याची बाजू सतत बदलायची, नाहीतर एका जागची शाई दुसरीकडे. फडक्यांची मात्र इथं ददात नाही. टॉवेलच्या कारखान्यातला सेकंडचा माल किलोवर आणून ठेवलेला असतो. पांढराच घ्यावा, शाई अजून सुटतेय की नाही ते दिसतं.

स्टील वीस मिनिटांत लख्ख. पट्ट्यांच्या बुडाच्या फटींनी मात्र अख्खी दुपार खाल्ली : जुना टूथब्रश, कान कोरायच्या काड्या, आणि मोडलेली मान. दाराजवळच्या फेल्टच्या पट्टीवर दोनदा टिपून पाहिलं, शाई आणखी पसरायला लागली म्हणून हात काढून घेतला. शेवटी साबणाचं पाणी, साधं पाणी, आणि रात्रभर दार सताड उघडं. वास पूर्ण गेल्याशिवाय मशीन चालू करू नका, स्पिरिट पेट घेतं. स्पिरिट लागलेली फडकी किंवा कपडेही ड्रायरमध्ये टाकायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी पांढरे ओले टॉवेल अर्धा तास फिरवले. पहिल्या खेपेला दोन फिकट रेघा उमटल्या, पुन्हा फटी पुसल्या, दुसऱ्या खेपेला काही नाही. कपड्यांचं म्हणाल तर सहातले दोन स्पिरिटनं वाचले. उष्णतेनं डाग पक्का बसतो. बाकीचे चार आता फरशी पुसतात.

आज फेब्रुवारीत परिस्थिती अशी : पट्ट्यांवर निळसर सावली राहिली आहे, पण कपड्याला लागत नाही. मी तरी महिनोन्महिने पांढरं काही आत घालायला धजत नव्हते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला सासऱ्यांची बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, धुतली, आणि नेमकं पाणी आलं संध्याकाळी उशिरा. सकाळी तीच घालायची होती. देवाचं नाव घेतलं आणि टाकली ड्रायरमध्ये. दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होते, त्यामुळे वाळायला दुप्पट वेळ लागला.

सासऱ्यांनी ती ट्यूबलाइटखाली धरून पुढून-मागून, दोन्ही बाह्या उलटून तपासली. मग घडी घालून उशाशी ठेवली. पेन त्याआधीच कॅलेंडरच्या खिळ्याला सुतळीनं बांधलं होतं.