व्हायव्हाआधी द्यावी अशी दहा मिनिटांची चाचणी

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एकोणीस वर्षं फिजिऑलॉजी शिकवते. मनातले नकळतचे पूर्वग्रह दाखवणाऱ्या, 'प्रोजेक्ट इम्प्लिसिट'च्या वेबसाइटवरच्या चाचण्यांबद्दल लिहायचंय, पण मी तिथवर कशी पोचले ते आधी सांगते. त्याशिवाय माझ्या मताला काही आधार नाही.

गेल्या परीक्षेच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, प्रथम वर्षाचा एक मुलगा हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्ततपासणीच्या टेबलावर होता. त्याने न्यूबॉअर चेंबर, म्हणजे रक्तपेशी मोजायची चौकोन आखलेली काच, फार सुरेख भरलं होतं. कव्हरस्लिपखाली एक बुडबुडा नाही, बाजूच्या खाचांत थेंब उतरलेला नाही, तांबड्या पेशी सगळ्या चौकोनांत सारख्या पसरलेल्या. मी इंग्रजीतून विचारलं, मोजलेल्या पेशींना दहा हजारांनी का गुणायचं? तो अडखळला. "मॅडम, डायल्यूशन इज..." एवढं बोलून थांबला. मी वीसपैकी ७ गुण मांडले. त्याच्यामागून एक मुलगी आली. घडाघडा बोलणारी, शहरातल्या शाळेतली. तिला १४.

जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, शांतपणे विचारलं, "मॅडम, दहा हजार कुठून आले ते त्या मुलीनं तरी सांगितलं का हो?"

नव्हतं सांगितलं. ती डायल्यूशनबद्दल भरपूर बोलली, पण माझ्या प्रश्नाला तिनं उत्तरच दिलं नव्हतं.

गुणपत्रक अजून बंद झालेलं नव्हतं. त्या मुलाला परत बोलावलं आणि मराठीत विचारलं. तो म्हणाला, "एक छोटा चौकोन म्हणजे एक छेद चार हजार घन मिलिमीटर. आपण ऐंशी मोजतो, म्हणजे एक पन्नासांश. त्याला पन्नासनं गुणायचं, आणि रक्त दोनशे पट पातळ केलंय म्हणून परत दोनशेनं. पन्नास गुणिले दोनशे, दहा हजार." इतकं नेटकं उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून आलं नाही. दोघांचेही गुण आम्ही बदलले आणि दोन्ही परीक्षकांनी सह्या केल्या. पण एकोणीस वर्षांत अशी किती मुलं माझ्या टेबलावरून निघून गेली असतील, या विचाराने रात्री झोप लागली नाही.

म्हणून ही चाचणी. ती फुकट आहे, एका चाचणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पद्धत १९९८ची, अँथनी ग्रीनवाल्ड, डेबी मॅकगी आणि जॉर्डन श्वार्ट्झ यांनी मांडलेली; प्रोजेक्ट इम्प्लिसिट ग्रीनवाल्ड, महजरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनी उभा केला. बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या. डावं बोट 'ई'वर, उजवं 'आय'वर ठेवायचं. पडद्याच्या मधोमध शब्द येतात, ते डावीकडच्या की उजवीकडच्या गटातले हे झटपट ठरवायचं. मी स्त्री-पुरुष आणि नोकरी-घर ही चाचणी दिली. पुरुषांची नावं आणि नोकरीचे शब्द एका बाजूला होते तोवर बोटं सुरळीत चालली. मग जोडी उलटली, बायकांची नावं आणि नोकरी एकत्र आली. पगाराचा एक शब्द समोर आला आणि माझं बोट हवेतच थांबलं. क्षणभरच, पण मला ते जाणवलं. चुकलं की लाल फुली येते आणि बरोबर की दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन्ही जोड्यांतल्या वेगाच्या फरकावरून निकाल आला: पुरुष म्हणजे नोकरी, असा 'मध्यम' कल. वीस वर्षं घर सांभाळून नोकरी करणाऱ्या बाईचा हा निकाल. हा कल मी कधी ठरवून मनात बसवलेला नव्हता, हे त्या थांबलेल्या बोटामुळे पटलं. व्याख्यानं ऐकून ते कधी पटलं नव्हतं.

आता उणिवा. दोन आठवड्यांनी तीच चाचणी परत दिली, तेव्हा 'किंचित' आलं. एका माणसाचा निकाल असा हलतो, हे या पद्धतीबद्दल अभ्यासकांचंही जुनं म्हणणं आहे, आणि या निकालावरून कुणाबद्दल निर्णय घेऊ नका असं वेबसाइटही बजावते. त्यामुळे कुठल्या एचओडींनी (विभागप्रमुखांनी) शिक्षकांचे निकाल गोळा करायचं मनात आणलं असेल तर कृपा करून आणू नका. चाचणी एकट्याने, दार लावून द्यायची. सुरुवातीला धर्म, राजकीय मतं वगैरे विचारतात, ते प्रश्न सोडून देता येतात.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. मला ज्या पूर्वग्रहाने फसवलं, मराठी माध्यम आणि अडखळतं इंग्रजी, त्याची चाचणी मला तिथे सापडली नाही. आपल्याकडे मुलाची किंमत आडनाव, गाव, उच्चार आणि 'नीटला किती होते?' या प्रश्नावरून ठरते. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली, तिचा अहवाल २००७चा. परीक्षक पार्श्वभूमी विचारतात, शिक्षक वेगळं वागवतात, हे त्यात विद्यार्थ्यांनी सांगितलं होतं. अशा उघड वागण्याला 'नकळत' हा शब्द लावून सोडून देऊ नये. त्यासाठी चाचणी नव्हे, कारवाई लागते.

चाचणी दिल्याने माणूस बदलतो का? ओहायो स्टेट विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०१२-१३च्या प्रवेशांआधी प्रवेश समितीच्या १४०च्या १४० सदस्यांनी वंशाबद्दलची चाचणी दिली. नंतरच्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ४८ टक्के म्हणाले, पुढच्या मुलाखती घेताना निकाल डोक्यात होता. निर्णयावर परिणाम झाला असं म्हणणारे २१ टक्के. उलट २०१६ साली काल्व्हिन लाय आणि सहकाऱ्यांनी असे कल कमी करणारे नऊ उपाय तपासले, तेव्हा लगेच फरक दिसला, पण काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत तो ओसरला. मला हे अगदी खरं वाटतं. मी स्वतः पंधरवडाभर सावध होते, मग सबमिशनच्या गर्दीत सगळं विसरले.

टिकला तो कागद. आता मुलं आत येण्याआधी प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरातले मुद्दे आणि त्यांचे गुण आम्ही लिहून ठेवतो. दहा हजारांच्या प्रश्नाला चार मुद्दे: चौकोनाचं आकारमान, किती चौकोन, डायल्यूशन, गुणाकार. मुद्दा आला की टिक. सगळ्यांना तेच प्रश्न, तांत्रिक शब्द इंग्रजीत, बाकी हवं तर मराठीत किंवा हिंदीत. दोन्ही परीक्षक एकमेकांचे गुण न बघता मांडतात आणि मग कागद शेजारी ठेवतात. यात नवं काही नाही. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीमध्ये १९७५ साली ऑस्की, म्हणजे टेबलाटेबलावर ठरलेलं काम तपासणारी प्रॅक्टिकल परीक्षा मांडली, ती ठरलेल्या निकषांवरच उभी आहे. आपण ऑस्की घेतोही, पण व्हायव्हाच्या खुर्चीत बसलो की सगळं 'एकंदर इम्प्रेशन'वर सोडतो.

पाचपैकी साडेतीन तारे. नर्सिंगच्या ट्यूटर, फिजिओथेरपीचे शिक्षक, पीजींचे गाइड, सगळ्यांनी एकदा द्यावी. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि त्याच संध्याकाळी मुद्द्यांचा कागद करायला बसावं. आमचा पहिला कागद झाला तेव्हा सर्वांत ज्येष्ठ सर म्हणाले होते, "यानं व्हायव्हातला जीव जातो." यंदा प्रॅक्टिकलच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे त्याची झेरॉक्स मागितली. मी दोन दिल्या.