बटनाचा मोबाइल की टचचा? आठ महिने मराठी टाइप केल्यावर

आजी म्हणाल्या होत्या, “त्या दिशी पानी बी मिळंना बाई.” मी टचच्या मोबाइलवर तसंच टाइप केलं. रात्री वाचायला घेतलं तर ‘पानी’चं ‘पाणी’ झालेलं, ‘मिळंना’चं ‘मिळेना’. मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. स्पेस दाबली की फोन परस्पर शब्द बदलत होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मागची चाळीस पानं उघडली, तर सगळ्या आजी एकाच शाळेत शिकल्यासारख्या बोलत होत्या.

‘तो दिवस’ म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन वर्षांपासून रविवारी गावातल्या म्हाताऱ्या बायकांजवळ बसते, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करते आणि जशाच्या तशा उतरवून घेते. कॉम्प्युटर शाळेत आहे, घरी नाही, त्यामुळं सगळं टायपिंग मोबाइलवर. म्हणून हा फोन घेताना मी जेवढा विचार केला, तेवढा गाडी घेतानाही केला नव्हता.

बटनांकडं वळायला आणखी एक कारण होतं, आणि ते या शब्द बदलण्याहून मोठं होतं. रेकॉर्डिंग चालू असलं तरी मधेमधे टिपण करावं लागतं. कोण कुणाची जाऊ, कुठल्या वाड्यात कोण राहायचं, कुणाचं लेकरू कुठं सापडलं. काचेवर टाइप करायचं तर मान खाली घालावीच लागते, कारण बोटाला तिथं काहीच लागत नाही. मी खाली बघितलं की आजी थांबायच्या. “तुमचं काम उरकून घ्या बाई, मी थांबते.” अशा गोष्टी सांगत असलेल्या बाईला एकदा थांबवलं की पुढचं वाक्य तेच येत नाही. डी.एड.ला असताना माझ्याकडं साधा बटनाचा फोन होता आणि पांघरुणात, अंधारात, न बघता मी त्यावर पानभर मेसेज लिहायचे. तसं परत जमेल, या आशेनं पुण्याच्या ओळखीतून पूर्ण कीबोर्डचा एक जुना अँड्रॉइड फोन नऊ हजारांना घेतला.

नवा का नाही, तर असे फोन आता फारसे निघतच नाहीत. २००७ साली आयफोन आला आणि बटनं हळूहळू गेली. ब्लॅकबेरीच्या नावानं २०१७ आणि २०१८ मध्ये कीवन आणि की टू हे अँड्रॉइडचे फोन निघाले, ४ जानेवारी २०२२ पासून त्यांच्या जुन्या प्रणालीवरच्या सेवाही बंद झाल्या. आता एखाददुसरी लहान कंपनी बनवते तेवढंच. माझ्या फोनच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला आलेली अडचण त्या आकाराच्या कुठल्याही कीबोर्डवर येणार.

पहिले पंधरा दिवस फार छान गेले. शाळेच्या पोर्टलवर माहिती भरणं, पासवर्ड, विद्यार्थ्यांचे नंबर, इंग्रजी मेल, सगळं भराभर. टचवर कीबोर्ड उघडला की अर्धा स्क्रीन झाकला जातो, तो इथं पूर्ण मोकळा राहतो. लांब मजकूर तपासताना याचा किती उपयोग होतो ते वापरल्याशिवाय कळत नाही.

मग मराठी सुरू केलं.

कॉम्प्युटरवर मला इनस्क्रिप्ट येतं. सरकारनं १९८६ साली ठरवलेला हा आराखडा, भारतीय भाषांसाठीचा. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. एकदा बोटात बसला की विसरत नाही. पण तो कॉम्प्युटरच्या पूर्ण कीबोर्डसाठी बनलेला आहे. माझ्या फोनला पस्तीस बटनं, त्यात अक्षरांची सव्वीस. इनस्क्रिप्टमध्ये ‘च’ हा एलच्या उजवीकडच्या बटनावर असतो, ‘ट’ त्याच्याही पलीकडं, ‘ड’ पीच्या उजवीकडं आणि ‘य’ खालच्या ओळीच्या शेवटी. ही चारही बटनं फोनवर नाहीतच. आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याच शिफ्टवरचे छ, ठ, ढ सुद्धा गेले.

‘च्या’ लिहून बघा. च, हलन्त, य, काना. चारातली दोन बटनं फोनवर नाहीत. मराठीत ‘च्या’ किती वेळा येतो? घराच्या, गावाच्या, लेकराच्या, भूकंपाच्या. कुठलंच वाक्य त्याच्याशिवाय पुरं होत नाही. ‘चटका’ लिहिता येत नाही, ‘डोळा’ येत नाही, ‘आया’ येत नाही. इंग्रजी वापरणारे लोक या फोनांचं जे कौतुक करतात ते खरंच आहे, पण ते सव्वीस अक्षरांत बसतात. आपण बसत नाही.

दुसरा मार्ग रोमनमधून. इंग्रजी अक्षरांत लिहायचं, ॲप मराठी करून देणार. इथं दोन गोष्टी आडव्या आल्या. ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’ हे ॲप स्वतः ठरवतं, नाही पटलं तर स्क्रीनवरच्या पट्टीतून योग्य शब्द निवडायचा. म्हणजे अंगठा बटनावरून उचलून परत काचेवर, आणि मान परत खाली. ज्यासाठी फोन घेतला तेच गेलं. दुसरी गोष्ट ‘ऱ्या’ची. प्रत्येक आठवणीत ‘दुसऱ्या दिवशी’ येतंच, आणि दर वेळी ‘र’चा रफार होऊन ‘दुसर्या’ उमटायचं. शेतकऱ्यांचंही तेच. मला हे डोळ्याला खड्यासारखं खुपतं. मुलांच्या वहीत जे लाल शाईनं दुरुस्त करते, ते माझ्याच पानांवर कसं ठेवू?

तिसऱ्या महिन्यात भाचा सुटीला आला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, “आत्या, बटनाला काय द्यायचं ते आपण ठरवू शकतो.” दोन दिवस बसून त्यानं चार हरवलेली अक्षरं ऑल्टवर बसवून दिली. ऑल्ट धरून एल म्हणजे च, के म्हणजे ट, पी म्हणजे ड, एम म्हणजे य. बटनांवर छापलेलं इंग्रजीच, म्हणून मी पांढऱ्या रंगानं बारीक मराठी अक्षरं काढली. एप्रिलच्या घामानं ती महिन्यात पुसली, पण तोवर बोटं शिकली होती. एकच रेकॉर्डिंग मी तीनदा टाइप करून घड्याळ लावून पाहिलं. टचवर मिनिटाला बावीस शब्द, बटनांवर आधी तेरा, भाच्याच्या युक्तीनंतर एकोणीस. वेग कमीच, पण शब्द माझेच राहिले. ‘पानी’ला तर शिफ्टसुद्धा लागत नाही, चार बटनं आणि झालं. ‘पाणी’ला शिफ्ट लागतं. आजींच्या बोलीला हा कीबोर्ड प्रमाण भाषेपेक्षा सोपा पडला, याचा मला मनापासून आनंद झाला.

टिपणाचंही जमलं. न बघता, मांडीवर फोन ठेवून, आजींच्या तोंडाकडं बघत दोन-चार शब्द टिपता येतात. बटनाची कड बोटाला लागते आणि कुठं आहोत ते कळतं. आता त्या थांबत नाहीत.

पण अंगठा दुखतो. बटनं लहान आणि ताठ, दर अक्षराला दाब द्यावा लागतो, आणि जोडाक्षरांमुळं मराठीत दाबणं इंग्रजीपेक्षा जास्त. अर्ध्या तासानंतर अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत धुरळा आत जाऊन एक बटन अडकायला लागलं, नेमकं काना देणारं. लातूरला गंजगोलाईत दोन दुकानांत दाखवलं. दोघांनीही पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं. शेवटी घरीच मऊ ब्रशनं साफ केलं, तेव्हा चालू झालं. हा फोन घेणाऱ्यानं एवढं गृहीत धरूनच घ्यावा.

उन्हाळ्यात टच मात्र त्याहून जास्त छळतो. बेचाळीस अंशात बोट ओलं असतं, काच भलतीच जागा पकडते. पदराला बोट पुसत टाइप करावं लागतं.

बोलून टाइप करण्याबद्दल थोडक्यात. गुगलनं २०१७ मध्ये मराठीची सोय दिली, शाळेच्या कामाला मी ती रोज वापरते. आठवणींना ती चालली नाही. आजींचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं तर ‘व्हतं’चं ‘होतं’ होतं आणि ‘करायलाव’ला तर काय वाट्टेल ते येतं.

बटनांवर सहा महिने काढून मी टचकडं परत गेले तेव्हा त्याच्याकडं नव्या नजरेनं पाहिलं. छापलेलं बटन बदलत नाही, काच बदलते. ‘क’ दाबला की वरच्या ओळीत का, कि, की, कु अशी बाराखडी समोर येते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात २०१३ साली तयार झालेलं स्वरचक्र तर याच्याही पुढं जातं. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं, हवी ती मात्रा असेल त्या बाजूला बोट सरकवायचं. आपली लिपी कशी बांधलेली आहे ते ओळखून केलेली ही रचना आहे आणि पस्तीस बटनांवर ती होऊच शकत नाही. गावातल्या ज्या बायकांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत, त्यांना मी हेच दाखवते. बाराखडी येते ना, मग टाइप येतं.

शब्द बदलण्यावरून माझं जे भांडण होतं ते काचेशी नव्हतंच, सुचवण्यांशी होतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आपोआप दुरुस्ती बंद केली आणि ‘पानी’ ‘पानी’च राहिलं. एवढं मला आधी सुचलं असतं तर चाळीस पानं पुन्हा ऐकून लिहावी लागली नसती. वैयक्तिक शब्दकोशात व्हतं, म्हून, उलसं, कामून असे शब्दही घातले. पण तेच कीबोर्ड शाळेला वापरू नका. केंद्रप्रमुखांच्या पत्रात ‘पानी’ सुचवायला लागलं तेव्हा मी दुसरं कीबोर्ड ॲप घेतलं. आता एक शाळेचं, एक आजींचं.

लांब टायपिंगचा प्रश्न मात्र दोन्हींनी सुटला नाही. तो शाळेच्या कपाटातल्या जुन्या कीबोर्डनं सुटला. मोबाइलला कीबोर्ड जोडून देणारी ऐंशी रुपयांची ओटीजी पिन घेतली, मुख्याध्यापकांना विचारून कॉम्प्युटरचा साधा वायरचा कीबोर्ड टचच्या मोबाइलला लावला, इनस्क्रिप्टसाठी एक ॲप घातलं. च, ट, ड, य सगळे आपापल्या जागी. पहिल्याच आठवड्यात मिनिटाला एकतीस शब्द, आणि अंगठ्याला आराम. वायर घराघरांत नेता येत नाही, पण उतरवायचं काम घरीच असतं. फोनवर लांब मराठी लिहिणाऱ्यानं आधी हे करून बघावं, मग बटनाच्या फोनवर हजारो रुपये घालायचे की नाही ते ठरवावं.

तरी तो फोन मी विकलेला नाही. रविवारी तोच पिशवीत असतो. सतरा आजींपैकी अकरा जणींच्या आठवणी पूर्ण झाल्या आहेत आणि आता मी त्या त्यांना वाचून दाखवते. मागच्या रविवारी वाचताना एका आजींनी मधेच थांबवलं मला. “‘होतं’ न्हाई बाई, ‘व्हतं’ म्हनले मी.” या वेळी चूक फोनची नव्हती, सवयीनं माझ्याच हातून झाली होती. व, हलन्त, ह, त, अनुस्वार. ती पाचही बटनं फोनवर आहेत. मी आजींकडं बघतच ते दुरुस्त केलं आणि त्या पुढं सांगायला लागल्या.