मार्केटिंग एजन्सीला द्यायचं, फ्रीलान्सर बघायचा, माणूस ठेवायचा की स्वतःच करायचं?

धंदा थोडा मार्गी लागला की हा प्रश्न येतोच. आणि कोणाला विचारायला गेलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात, एक जण म्हणतो एजन्सी म्हणजे पैसे पाण्यात, दुसरा म्हणतो एजन्सी घेतली तेव्हाच कुठे धंदा वाढला. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त दोघांचं घोडं वेगवेगळ्या जागी अडलेलं असतं. म्हणून माझ्या मते आधी आपलं कुठे अडलंय ते बघायचं, मग कोणाला काम द्यायचं ते ठरवायचं. लोकांना आपण माहीतच नाही? माहीत आहोत पण आपलं म्हणणं त्यांना पटत नाही? की चौकश्या भरपूर येतात आणि पुढे विक्री होत नाही? यातलं तिसरं दुखणं असेल तर एजन्सी काही करू शकत नाही, कारण फोन उचलणं, वेळेत भाव सांगणं, परत फोन करणं हे सगळं तुमच्याकडेच राहतं.

आता एजन्सी नक्की काय करते ते बघू, कारण "जाहिराती लावून देतात" एवढंच बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. खरं तर ती आठ-नऊ वेगळी कामं असतात आणि ती करणारी माणसंही वेगळी असतात. गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय सांगायचं हे ठरवणं, मजकूर, डिझाइन, व्हिडिओ, पैसे कुठे किती लावायचे म्हणजे मीडिया बायिंग, एसईओ (पैसे न देता गुगलच्या शोधात वर दिसण्यासाठीचं काम), वेबसाइट, ईमेल, आणि शेवटी कुठून काय आलं ते मोजणं. हे सगळं एका छताखाली देणारी ती फुल सर्व्हिस एजन्सी, आणि फक्त सर्च जाहिराती (गुगलवर काही शोधलं की दिसतात त्या) किंवा फक्त एसईओ करणाऱ्याही असतात. छोट्या बजेटला मी दुसऱ्या प्रकारचीच सुचवेन, कारण तेवढ्याशा पैशात सगळी कामं करून घ्यायला गेलं की सगळीच अर्धवट होतात.

एक काम जवळून बघा म्हणजे मेहनत कुठे असते ते कळेल. समजा कोणी एसी दुरुस्ती करतो आणि गुगलवर "एसी दुरुस्ती" या शब्दांवर जाहिरात लावली. गुगल ती जाहिरात त्याच्या जवळपासच्या शब्दांनाही दाखवतं, मग "एसी दुरुस्ती कोर्स" शोधणारा क्लिक करतो, "एसी दुरुस्ती नोकरी" शोधणारा क्लिक करतो, "घरच्या घरी एसी दुरुस्ती" वाला पण करतो, आणि प्रत्येक क्लिकचे पैसे जातात. गुगलच्या जाहिरात अकाउंटमध्ये सर्च टर्म्स नावाचा रिपोर्ट असतो, त्यात लोकांनी खरंच काय टाईप केलं ते दिसतं (सगळं नाही दिसत, पण पुरेसं दिसतं). तो दर आठवड्याला उघडायचा आणि कोर्स, नोकरी, घरच्या घरी असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकायचे. कंटाळवाणं काम आहे, पण पैसे इथेच वाचतात किंवा जातात. त्यामुळे चारही पर्यायांना मी हाच एक प्रश्न लावतो, हे काम दर आठवड्याला नक्की कोण करणार आहे?

स्वतः करणं

सुरुवातीला हेच बरं असं माझं ठाम मत आहे. गिऱ्हाईक कुठल्या शब्दात तक्रार सांगतं, कशाला घाबरतं, कुठे अडून बसतं हे मालकाइतकं कोणाला माहीत नसतं आणि चांगली जाहिरात त्यातूनच निघते. गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल भरणं, फोटो टाकणं, रिव्ह्यूंना उत्तरं देणं, जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज करणं, याला एजन्सी लागतच नाही.

अडचण येते ती पैसे देऊन जाहिराती लावताना, कारण सिस्टीमने आधीच निवडून ठेवलेले पर्याय बरेचदा आपल्या फायद्याचे नसतात. गुगल ॲड्समध्ये तुम्ही एक भाग निवडला तरी मूळ सेटिंग असं असतं की त्या भागात असलेले लोक आणि त्या भागात फक्त रस दाखवलेले लोक, दोघांनाही जाहिरात दिसते. तुमची सेवा जागेवर जाऊन द्यायची असेल तर हे बदलायलाच हवं, आणि हे सेटिंग उघडून बघायचं असतं हेच नव्या माणसाला माहीत नसतं. तसंच रोजचं बजेट ठरवलं तरी एखाद्या दिवशी गुगल त्याच्या दुप्पटपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याचा हिशोब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या आत ठेवतं, हे माहीत नसलं की माणूस घाबरून मध्येच सगळं बंद करतो. आणि वेळ हा तर मोठाच मुद्दा. आठवड्यातले काही तास शांतपणे बसून देता येत नसतील तर स्वतः करणं स्वस्त पडत नाही.

फ्रीलान्सर

एकच काम अडलंय आणि ते कुठलं हे तुम्हाला नीट माहीत आहे, अशा वेळी फ्रीलान्सरसारखा पर्याय नाही. ज्याच्याशी बोलता तोच काम करतो, मध्ये कोणी नाही, बदल सांगितला की लगेच होतो, आणि त्याच्या डोक्यावर ऑफिसचा खर्च नसल्याने बहुतेकदा फी पण कमी. पण तो एकटा असतो. आजारी पडला, मोठं काम मिळालं, गावाला गेला की तुमचं काम थांबलं. आणि उत्तम सर्च जाहिराती लावणारा माणूस उत्तम व्हिडिओही करेल असं नसतं, तरी आपण त्याच्याकडून सगळंच मागत राहतो आणि मग तो पण नाही म्हणत नाही, तिथून काम घसरायला लागतं.

पगारी माणूस

याची खरी ताकद म्हणजे तो जागेवर असतो. नवीन माल आला, फोटो काढला, टाकला. गिऱ्हाइकाने कमेंट केली, उत्तर गेलं. जिथे रोज काहीतरी दाखवण्यासारखं घडतं तिथे बाहेरची कुठलीही एजन्सी याची बरोबरी करू शकत नाही, कारण तिला फोटो पाठवायलाच तुमचे दोन दिवस जातात.

पण लोक काय करतात, एखादा नवखा मुलगा किंवा मुलगी घेतात आणि डिझाइन, लेखन, जाहिराती, वेबसाइट, वर परत ऑफिसची इतर कामं, सगळं त्याच्यावर टाकतात, त्याला दिशा देणारं कोणी नसतं आणि वर्षभराने म्हणतात मार्केटिंग आपल्या धंद्यात चालत नाही. मला हे फार खटकतं. ज्याला शिकवायला कोणी नाही त्याच्याकडून तज्ज्ञाचं काम अपेक्षित धरणं हा त्या माणसावर अन्याय आहे. पगारी माणूस ठेवायचा असेल तर मालकाला स्वतःला थोडं तरी कळायला हवं, नाहीतर महिन्यातून काही तास एखादा अनुभवी सल्लागार तरी त्याच्या मागे उभा हवा.

एजन्सी

एजन्सीकडे दोन गोष्टी असतात ज्या बाकी कुठे मिळत नाहीत, एक म्हणजे वेगवेगळ्या कामांची माणसं, आणि दुसरं म्हणजे एकाच वेळी बऱ्याच अकाउंटमध्ये काय चाललंय ते दिसणं. दुसरी गोष्ट लोक कमी लेखतात. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनसाठी आयओएस १४.५ ही नवी सिस्टीम आणली आणि ट्रॅकिंगसाठी ॲपना वापरणाऱ्याची परवानगी विचारायला लागली, तेव्हा मेटाच्या (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या) जाहिरातींचे आकडे अचानक कमी दिसायला लागले. एकाच अकाउंटवर बसलेल्या माणसाला वाटणार आपलंच काहीतरी चुकलं. ज्याच्याकडे बरेच क्लायंट आहेत त्याला लगेच कळतं की हे सगळ्यांचंच झालंय. तसंच १ जुलै २०२३ पासून गुगलच्या जुन्या मोफत ॲनालिटिक्सने (वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजायचं साधन) नवीन डेटा घेणं थांबवलं आणि ते वापरणाऱ्यांना जीए४, म्हणजे गुगल ॲनालिटिक्स ४ वर जावं लागलं, अशी शिफ्टिंगची कामं चांगली एजन्सी आधीच उरकून ठेवते.

आता कमजोर बाजू. पहिल्या मीटिंगला जे अनुभवी लोक येतात ते नंतर तुमच्या अकाउंटवर असतीलच असं नाही, बहुतेकदा रोजचं काम ज्युनियर बघतो आणि त्याच्याकडे आणखी बरेच क्लायंट असतात. यात लपवाछपवी असतेच असं नाही, कामाची रचनाच तशी असते, पण सही करायच्या आधी विचारा की माझं अकाउंट कोण बघणार, त्याच्याकडे अशी किती अकाउंट आहेत, आणि त्याच्याशीच एकदा बोलू द्या. गुगल ॲड्समध्ये चेंज हिस्टरी असते, कोणी कधी काय बदललं ते सगळं तारखेसकट दिसतं. महिन्यातून एकदा ती उघडून बघा. महिनाभर एकही बदल नसेल तर फी कशाची देतोय हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि जो कोणी गुगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी देतो त्याच्याकडून उठून या. गुगलनेच लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. एसईओचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष धरून चाला, आणि तेवढं थांबायची तयारी नसेल तर ते पैसे आत्ता जाहिरातीत घाला.

फी कशी ठरते, इथे नीट लक्ष द्या

माझ्या मते खरा फरक इथे आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये व्होल्नी पामर नावाचा माणूस पेपरातली जाहिरातीची जागा विकून द्यायचा आणि त्याचं कमिशन त्याला पेपरवाले द्यायचे, एजन्सीच्या धंद्याची सुरुवात अशी झाली. पुढे १५ टक्के कमिशन ही कितीतरी वर्षं चाललेली रीत होती. म्हणजे जाहिरात जितकी जास्त, तितकी एजन्सीची कमाई जास्त. आज जाहिरात खर्चाच्या टक्क्यावर फी घेतात त्यात ही गोष्ट अजून आहेच, खर्च वाढवा असं सांगणं एजन्सीच्या फायद्याचं असतं. मोठं बजेट असेल तर ही पद्धत चालते, कारण कामही वाढतं, पण छोट्या बजेटला त्या टक्क्याची रक्कम इतकी कमी होते की त्यात कोणाला लक्ष द्यायला परवडत नाही.

ठरलेली मासिक फी, म्हणजे रिटेनर, मला छोट्या-मध्यम धंद्याला सगळ्यात सरळ वाटते, फक्त महिन्यात काय काय मिळणार ते लिहून घ्यायचं. लीडमागे, म्हणजे आणून दिलेल्या प्रत्येक संभाव्य गिऱ्हाइकामागे पैसे, हे ऐकायला सगळ्यात छान वाटतं, काम झालं तरच पैसे. पण लीड म्हणजे काय हे कोण ठरवणार? फॉर्म भरला की लीड धरलं तर फॉर्म भरणारे कितीही आणता येतात, त्यातले विकत घेणारे किती हा वेगळाच विषय. या पद्धतीने जायचंच असेल तर फोन लागतो, माणूस आपल्या भागातला आहे, त्याला हीच वस्तू हवी आहे, एवढ्या अटी आधीच लिहून घ्या. वेबसाइट किंवा लोगोसारख्या एकदाच्या कामाला एकरकमी पैसे ठीक.

रिपोर्टबद्दल पण एक सांगतो. मेटा साधारणपणे क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात बघितल्यानंतर १ दिवस यात झालेली विक्री आपल्या नावावर धरतं. गुगल त्याच विक्रीवर आपला हिशोब लावतं. त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाने दोन्ही जाहिराती बघितल्या असतील तर दोघंही म्हणणार ही आमची, आणि दोन्ही रिपोर्टची बेरीज तुमच्या खऱ्या विक्रीपेक्षा जास्त येऊ शकते. कोणी खोटं बोलत नसतं, मोजायची पद्धतच तशी आहे. म्हणून शेवटचा आकडा नेहमी आपल्या बिलांतून काढायचा आणि नव्या गिऱ्हाइकाला तोंडाने विचारायचं, आमच्याबद्दल कुठून कळलं.

मग कोणी काय घ्यावं

नुकतं सुरू केलं असेल तर स्वतः. काय खपतंय आणि कोणाला, हे कळलंय पण एखादंच काम जमत नाहीये तर फ्रीलान्सर. रोज दाखवण्यासारखं काहीतरी असेल आणि शिकवायची तयारी असेल तर पगारी माणूस. विक्री नीट बसलीय, आलेली चौकशी हाताळायला माणसं आहेत आणि आता एकाच वेळी तीन-चार ठिकाणी वाढायचंय तर एजन्सी. आणि मिसळ केली तरी चालते, कितीतरी ठिकाणी आतला माणूस रोजचं बघतो आणि जाहिराती एजन्सीकडे असतात, मला हीच रचना सगळ्यात टिकाऊ वाटते.

थोडे पैसे पाच ठिकाणी वाटून टाकू नका. जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाच्या सिस्टीमला शिकायला एका ॲड सेटमागे (म्हणजे जाहिरातींच्या एका गटामागे) आठवड्याला साधारण ५० रिझल्ट लागतात असं मेटाच सांगतं. छोट्या बजेटचे पाच तुकडे केले की एकही तिथपर्यंत पोचत नाही. हे एजन्सीने तुम्हाला सांगायला हवं, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

कोणालाही काम द्या, पण डोमेन, वेबसाइट, ॲड अकाउंट, ॲनालिटिक्स, पेज, पिक्सेल (वेबसाइटवर बसवलेला मेटाचा मोजणीचा कोड) हे सगळं तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर उघडा, आणि त्यांना फक्त ॲक्सेस द्या. गुगलमध्ये मॅनेजर अकाउंट जोडून आणि मेटामध्ये पार्टनर म्हणून हे सहज होतं, पासवर्ड द्यावाच लागत नाही. एजन्सीने स्वतःच्या अकाउंटमधून जाहिराती चालवल्या तर सोडताना सगळा जुना डेटा तिकडेच राहतो आणि पुढच्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते. करारात नोटीस पिरियड एका महिन्याचा ठेवा, वर्षभर बांधून घेणारा करार सुरुवातीलाच करू नका, आणि काम सोडताना डिझाइनच्या मूळ फाइली, कीवर्डची यादी आणि सगळे ॲक्सेस किती दिवसात परत मिळणार ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या, कारण संबंध चांगले असतात तोपर्यंत हे मागायला कोणाला अवघड वाटत नाही.