सांगलीत राहून इलस्ट्रेशन, कागदकला आणि प्रदर्शने पाहायची, तर कशासाठी कुठे जावे

सांगली-मिरज परिसरात राहणाऱ्या आणि चित्रांची आवड असणाऱ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा तरी एक हिशेब करावा लागतो. सुट्टीचा एक दिवस आणि खिशातले हजारभर रुपये कोल्हापूरला खर्च करावेत, पुण्याला खर्च करावेत, की रात्रीच्या गाडीने थेट मुंबई गाठावी. आणि फोनवर सगळेच दिसत असताना मुळात घराबाहेर पडावे तरी का? आठवी-नववीतल्या मुलांना एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांना बसवणारे पालकही हाच प्रश्न विचारतात. शहरांची तुलना करण्याआधी आपल्याला नेमके काय पाहायचे आहे ते ठरवावे, असे माझे मत आहे, कारण इलस्ट्रेशन, कागदकाम आणि भिंतीवर टांगलेले चित्र या तिन्हींचा मुक्काम वेगवेगळ्या ठिकाणी असतो.

इलस्ट्रेशनपासून सुरुवात करू. गोष्टीसोबतचे किंवा मुखपृष्ठावरचे चित्र छापण्यासाठीच काढलेले असते. मूळ कागदावर पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या असतात, आणि आजकाल तर बरेचदा मूळ कागदच नसतो, टॅब्लेटवरची फाइल असते. म्हणून छापलेले पान हेच त्या चित्राचे खरे घर, आणि ते पाहण्यासाठी तिकीट काढून कुठे जायची गरज नाही. मराठीत तर ही परंपरा दिवाळी अंकांनी घरोघरी पोचवली. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ सुरू केला, आणि अंक विकत घेणाऱ्या प्रत्येक घरात दरवर्षी एक छोटे चित्रप्रदर्शन येऊन पडू लागले. अडचण एवढीच की २०१९ च्या महापुरात सांगलीतील अनेक घरांतले जुने अंक भिजून गेले, त्यामुळे माळ्यावर शोधून ते सापडतीलच असे नाही. त्याला उत्तम पर्याय म्हणजे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. पन्नासहून अधिक वर्षांची रेखाटने ओळीने चाळली की रेषा जाड कधी झाली, सपाट रंग कधी आले आणि संगणकावरचे काम कोणत्या काळात शिरले, हे कोणी न सांगता कळते. नव्या चित्रकारांसाठी इन्स्टाग्राम आणि बिहान्स हे चित्रकारांनी आपली कामे मांडायचे संकेतस्थळ आहेतच. विशेषतः बिहान्सवर अनेक जण कच्च्या रेखाटनापासून अंतिम चित्रापर्यंतचे टप्पे दाखवतात, आणि शिकणाऱ्याला अंतिम चित्रापेक्षा तेच जास्त उपयोगी पडते.

इलस्ट्रेशनसाठी मुंबईची खेप करू नये, असे म्हणूनच मी स्पष्टपणे सांगतो. याला एक अपवाद आहे. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत उपयोजित कलेच्या, म्हणजे जाहिरात-छपाईसाठीच्या कलेच्या, विद्यार्थ्यांची इलस्ट्रेशन्स एकत्र लागतात आणि एकाच विषयावर वीस जणांनी काढलेली वीस चित्रे शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. ही संधी फोन देत नाही. त्यासाठीही आधी कोल्हापूरच पुरेसे आहे. जेमतेम पन्नास किलोमीटरवर कलानिकेतन आणि दळवीज या जुन्या संस्था आहेत, आणि दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात काही ना काही लागलेले असते.

कागदकलेची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. पांढऱ्या कार्डशीटमधून कटरने कोरलेले झाड फोनवर पाहिले तर रबरी शिक्क्याच्या ठशासारखे सपाट दिसते. तेच झाड काचेच्या चौकटीत, मागच्या कागदापासून अर्धा सेंटीमीटर पुढे बसवलेले पाहिले, तर प्रत्येक पानाची सावली मागे पडलेली असते, आणि आपण एक पाऊल बाजूला सरकलो की पान आणि सावली यांच्यातले अंतर डोळ्यांदेखत बदलते. कापाची कड थोडी तिरपी गेली आहे का, आतल्या कोपऱ्यात पाते जास्त पुढे गेल्याची बारीक चीर आहे का, हेही जवळून दिसते, आणि कारागिराचा हात तिथेच ओळखू येतो. चित्रफितीत हे सारे गुळगुळीत होऊन जाते.

दुसरे असे की कागदकाम नुसते पाहून कळत नाही, बोटांना कळावे लागते. फोटोकॉपीचा कागद साधारण ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) असतो, तर कार्डशीट त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. यंत्रावर बनलेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. त्या दिशेने, म्हणजे ग्रेनने, घातलेली घडी स्वच्छ बसते आणि ग्रेनला आडवी घातली तर जाड कार्डशीटचा वरचा थर फुटतो. ग्रेन ओळखायची असेल तर चौकोनी तुकड्याची एक बाजू ओल्या स्पंजने पुसावी. कागद आपोआप नळीसारखा वळू लागतो, आणि त्या नळीची लांबी ज्या दिशेला, ती ग्रेनची दिशा. सांगलीतल्या हरभट रोडवरून आणलेल्या दोन-चार कार्डशीट आणि एक कटर एवढ्यावर हा प्रयोग होतो, आणि तो एकदा केलेला माणूस पुढच्या प्रदर्शनात निराळ्या नजरेने उभा राहतो.

कागदकाम पाहायला सांगलीतच एक मोसम आहे, त्याला प्रदर्शन म्हणायची आपल्याला सवय नाही इतकेच. २०१८ साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आल्यानंतर गणपतीच्या बाजारात पुठ्ठ्याची घडीची मखरे दिसू लागली. त्यांतली काही सुबक आहेत, काही केवळ थर्माकोलच्या मखराची नक्कल करतात. पाहताना नक्षीपेक्षा सांधे पाहावेत; गोंद न लावता खाचेत खाच बसवून उभे राहणारे मखर ज्याने बेतले, त्याला कागद कळला आहे. याच्या पुढचे पाहायचे असेल तर पुण्याला जावे. बालगंधर्व कलादालनात ओरिगामीची, म्हणजे कागदाला घड्या घालून केलेल्या आकारांची, प्रदर्शने भरत आली आहेत, आणि पुण्याला हातकागदाची परंपराही आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० ची. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून साच्यावर उचललेल्या या कागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे त्याला ग्रेन जवळजवळ नसतेच. हा फरक दुकानात कागद हातात घेऊन वाकवल्यावरच लक्षात येतो.

पुण्याबाबत एक इशारा अनुभवातून देतो. फोनवर फिरणारी निमंत्रणपत्रिका पाहून मी एकदा सांगलीहून पहाटेच्या एसटीने तिथल्या एका कलादालनात पोचलो, तर प्रदर्शन आदल्या संध्याकाळीच उतरवलेले होते आणि भिंतीवर फक्त खिळे होते. पत्रिकेवर तारीख स्पष्ट छापलेली होती, पण माझ्याकडे आलेल्या चित्रात तो भाग कापला गेला होता. तेव्हापासून कलाकाराला किंवा कलादालनाला आदल्या दिवशी विचारल्याशिवाय मी चार-पाच तासांचा प्रवास करत नाही. फोनचा खरा उपयोग इथे आहे. आपल्या भागातल्या पंचवीस-तीस चित्रकारांची आणि कलादालनांची खाती निवडून त्यांच्या सूचना चालू ठेवाव्यात, नाहीतर प्रदर्शन संपल्यावर चार दिवसांनी त्याचे छायाचित्र आपल्यासमोर येते.

भिंतीवरच्या चित्रासाठी मात्र मुंबईला पर्याय नाही, कारण आकार. पाच फुटी कॅनव्हास आणि पाच इंची रेखाटन फोनवर एकाच मापाचे होतात, आणि रंगाचा जाड थर तर दिसतच नाही. आधी डोळा तयार करायचा असेल तर सातारा जिल्ह्यातले औंधचे संग्रहालय चांगले. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या या संग्रहात राजा रविवर्म्याची चित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचे शिल्पही आहे. पण समकालीन काम तिथे शोधू नये.

मुंबईच्या खेपेचे गणित सांगलीकरांच्या बाजूचे आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सांगलीहून निघून सकाळी सीएसएमटीला पोचते आणि परतीची गाडीही रात्रीचीच, त्यामुळे लॉजचा खर्च वाचतो. स्थानकापासून काळा घोडा हा कलादालनांचा परिसर पायी वीस-पंचवीस मिनिटे. तिथे १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी विनाशुल्क आहे आणि समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव पाहण्यासारखा असला तरी गर्दीत चित्रासमोर दोन मिनिटे उभे राहता येत नाही, म्हणून पहिल्या खेपेला तो टाळावा. वार निवडताना चूक करू नये. जहांगीरमधली प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असते, आणि आसपासच्या खासगी गॅलऱ्या बहुधा रविवारी उघडत नाहीत. तेव्हा शुक्रवारी रात्रीची गाडी धरावी आणि शनिवारी अकराच्या सुमारास, नाश्ता उरकून, जहांगीरच्या दारात असावे.