हात लावावा लागेल का? ऑनलाइन डॉक्टर आणि नेहमीचा दवाखाना, सोलापूरकरांसाठी तुलना

रात्री साडेनऊला मुलाच्या पाठीवर पुरळ उठतं. नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना नऊलाच बंद झालेला असतो. सिव्हिलला धावावं इतकं मोठं काही दिसत नाही, आणि सकाळपर्यंत थांबायचं म्हटलं तर जिवाला चैन नसते. अशा वेळी आता आपोआप मोबाइलकडे हात जातो. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात गेली चार वर्षं दोन्ही वाटा चालू आहेत. लेकासाठी, बीपी-शुगर असलेल्या वडिलांसाठी, माझ्या स्वतःसाठी. त्यामुळे बिल्डिंगमधल्या बायका मला हमखास विचारतात, ऑनलाइन दाखवू की दवाखान्यात नेऊ? मी एकच गोष्ट उलट विचारते. या दुखण्याला डॉक्टरांचा हात लागायला हवा, की बघून आणि ऐकून काम होईल?

तुलनेआधी एक कुंपण घालून घेते. छातीत दाब, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, फिट, न थांबणारं रक्त, साप किंवा विंचू चावणं, शेतातलं औषध पोटात जाणं: यात फोन फक्त 108 लावायला वापरायचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर त्याच वेळी दवाखाना. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लसीसाठी सरकारी रुग्णालय गाठायचं. आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून निघालं, तर त्याला सावलीत घेऊन ओल्या फडक्याने पुसत, वारा घालत लगेच हलवायचं. व्हिडिओ कॉल जोडत बसायचं नाही.

समोर चार दारं आहेत

पहिलं दार आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं, पण फोनवरून. दुसरं ई-संजीवनी, म्हणजे सरकारची ऑनलाइन डॉक्टरांची सेवा, फुकट. तिसरं पैसे घेणारी ॲप्स. चौथा प्रत्यक्ष दवाखाना. लोक बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्याची चौथ्याशी तुलना करतात आणि पहिलं दार विसरतात. माझ्या अनुभवात किरकोळ दुखण्यासाठी सगळ्यात भरवशाचं तेच आहे. वडिलांना कुठल्या गोळीने खाज सुटते, लेकाला लहानपणी बाळदमा होता, हे त्या डॉक्टरांना कागद न उघडता आठवतं.

फोनवरून औषध सांगायला पूर्वी बरेच डॉक्टर कचरायचे. नियमच स्पष्ट नव्हते. 25 मार्च 2020 ला, लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नोंदणीकृत डॉक्टरांना व्हिडिओ, फोन किंवा मजकुरावरून सल्ला देण्याची वाट मोकळी झाली. त्यातली एक तरतूद कामाची आहे. प्रत्यक्ष तपासणी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी केलेला सल्ला ‘फॉलो-अप’ धरला जातो, आणि त्यात डॉक्टरांना फोनवरच्या पहिल्या भेटीपेक्षा जास्त प्रकारची औषधं लिहिता येतात. म्हणून बीपी, शुगर, थायरॉइडच्या माणसाने वर्षातून दोनदा तरी समोर जाऊन दाखवावं, मधल्या भेटी फोनवर कराव्यात. आम्ही हेच करतो. वडिलांची पायपीट निम्मी झाली.

पण हे डॉक्टर रात्री दहानंतर फोन घेतीलच असं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. फोनवरच्या सल्ल्याचेही त्यांचे पैसे द्यावेत. ‘सहज विचारतो’ म्हणत व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवणं मी बंद केलं, त्यानंतर उत्तरं जास्त नीट मिळायला लागली.

दुखणं कोणत्या भाषेत सांगणार?

ऑनलाइन डॉक्टरकडे हात नसतो. त्याच्यापाशी उरतात कॅमेऱ्यातून दिसणारं तेवढं आणि आपले शब्द. म्हणून शब्दांना इथे दवाखान्यापेक्षा किती तरी जास्त वजन येतं, आणि याच ठिकाणी मला पैसेवाली ॲप्स कमी पडताना दिसली.

आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा. डोकं ठणकतं, दात सणकतो, पोटात कळ येते, मुरडा येतो, पाठीत उसण भरते, छातीत जळजळतं, घसा खवखवतो, अंगात कणकण असते, पायाला मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळ्या दिशेने नेतो. ॲपवर कधी दूरच्या शहरातला डॉक्टर येतो, संभाषण हिंदीत सुरू होतं, आणि ‘मुरडा’, ‘कळ’, ‘जळजळ’ या तिघांचं मिळून ‘पेट में दर्द’ होतं.

सोलापुरात तर याला आणखी एक पदर आहे. पूर्व भागातून आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी घरी तेलुगू बोलतात. मराठी त्यांना उत्तम येतं, पण दुखायला लागलं की तोंडून ‘मंट’ येतं, म्हणजे आग. त्यांच्या पेठेतल्या डॉक्टरांना तो शब्द कळतो. मावशी दुपारी विड्या वळतात, मजुरी हजारी विड्यांवर मिळते, त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर गेलेला अर्धा दिवस थेट त्यांच्या कमाईतून जातो. ऑनलाइन सल्ल्याची खरी गरज त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हणून निवडताना पहिलं बघायचं ते हे: भाषा निवडायची सोय आहे का, आणि समोरच्याला आपला शब्द कळला का. नाही कळला तर तसं स्पष्ट सांगून दुसरा डॉक्टर मागावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

कोणता आजार कुठे

त्वचेचं बरंचसं पडद्यावर निभतं. लेकाच्या पाठीवरचं ते पुरळ घामोळं निघालं. उजेडात काढलेले तीन फोटो, एक लांबून आणि दोन जवळून, शिवाय ताप नाही आणि तोंडात फोड नाहीत एवढं सांगितल्यावर दहा मिनिटांत काम झालं. नायटा, अंगावरची पित्तं, डासांचे चावे हेही असंच. दिव्याखाली फोटोत रंग बदलतात, म्हणून जमेल तेव्हा दिवसा खिडकीपाशी काढावेत.

सर्दी, साधा खोकला, घसा, पहिल्या दिवसाचे जुलाब, पाळीची नेहमीची पोटदुखी, ॲसिडिटी, रिपोर्ट समजून घेणं: इथे ऑनलाइन चालतं. दोन दिवसांत उतार पडला नाही तर समोर दाखवायचं.

ताप मात्र फसवा. पहिल्या दिवशी ऑनलाइन सल्ला ठीक, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका राहते, आणि ती रक्त तपासल्याशिवाय फिटत नाही. तोवर पॅरासिटामॉल सोडून अंगदुखीची दुसरी गोळी घेऊ नये, कारण आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरत असतानाच पोट दुखायला लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट रुग्णालय. डेंग्यूत ताप उतरण्याची वेळच जपायची असते.

कान दुखत असेल तर मोबाइलच्या पडद्याचा उपयोग नाही, आत बॅटरी लावून बघावंच लागतं. डोळा लाल असून नुसता चिकटत असेल तर ऑनलाइन चालेल. उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल किंवा डोळ्याच्या आत दुखत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं, आणि घरात पडलेले जुने ड्रॉप्स मुळीच घालू नयेत. लघवीला जळजळ असेल तर ऑनलाइन डॉक्टर लघवीची तपासणी सांगतो का ते बघा. सोबत थंडी-ताप किंवा कमरेत दुखणं असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर प्रत्यक्ष जायचं.

आणि पोट. याबद्दल मी जरा हट्टी आहे, कारण माझ्या भाचीच्या बाबतीत आमचा निर्णय चुकला होता. वय एकोणीस, परीक्षा तोंडावर, बेंबीपाशी दुखायला लागलं. आम्ही एका ॲपवर डॉक्टर घेतला. त्याने जेवणाखाण्याचं विचारलं, ॲसिडिटीची गोळी लिहिली. पाच-सहा तासांत दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली गेलं, मळमळायला लागलं, चालताना ती वाकून चालायला लागली. हा बदल आम्ही बघत होतो, पण कॉल तर संपला होता आणि गोळी चालू होती. सकाळी समोरच्या डॉक्टरांनी पोट दाबून हात झटकन उचलला, ती किंचाळली, आणि त्याच दिवशी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ती बरी आहे. पण ते हात दाबून उचलणं कुठल्याही कॅमेऱ्याला जमत नाही. चार तासांहून जास्त टिकलेली, जागा बदलणारी किंवा हलल्यावर वाढणारी पोटदुखी आमच्या घरात आता पडद्यावर जात नाही.

फुकट की पैसे देऊन?

ई-संजीवनी मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवली आहे. घरबसल्या रुग्णांसाठीची ओपीडी 13 एप्रिल 2020 ला सुरू झाली. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, माहिती आणि जुने रिपोर्ट भरायचे, टोकन घ्यायचं, आपली पाळी आली की व्हिडिओवर डॉक्टर येतात. चिठ्ठी मोबाइलवर मिळते. पैसे शून्य. डॉक्टर आपल्या राज्यातले निवडता येतात, त्यामुळे मराठीत बोलणं होतं, आणि माझ्या लेखी ही बाजू ॲप्सच्या चकचकीतपणापेक्षा मोठी आहे. उणं म्हणजे पाळी कधी येईल याचा नेम नाही, आणि रात्री उशिरा डॉक्टर मिळेलच असं धरून चालू नये. ॲपवर वेळ पक्की मिळते, तज्ज्ञ निवडता येतो, फी आधी दिसते. रात्री साडेनऊच्या पुरळासाठी मी ॲपच घेतलं होतं.

गावाकडे मात्र ई-संजीवनीचं दुसरं रूप आहे आणि ते फार लोकांना माहीत नाही. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी वडील गेले की त्यांना मोबाइल हाताळायला लागत नाही. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी त्यांच्या शेजारी बसून डॉक्टरांना जोडून देतात. आधी बीपी बघतात, शुगर बघतात, तिकडून डॉक्टरांनी सांगितलं की पाय दाबून सूज बघतात. हात आणि पडदा दोन्ही एकत्र. तुमचे आई-वडील एखाद्या खेड्यात असतील आणि तुम्ही पुण्यात नोकरीला, तर त्यांना ॲप शिकवत बसण्याआधी उपकेंद्रात चौकशी करा.

चिठ्ठी हातात आल्यावर

चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. नसेल तर तो कागद मानू नका. काही औषधं ऑनलाइन लिहायलाच बंदी आहे, त्यात शेड्यूल एक्स, म्हणजे सगळ्यात कडक नियंत्रणाच्या यादीतली, आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं येतात. ती डॉक्टर नाकारत असेल तर तो नियमाने वागतोय. साध्या सर्दीला दोन मिनिटांत अँटिबायोटिक मिळालं तर मला उलट काळजी वाटते. अशा स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते. त्यातल्या शेड्यूल एच-वन, म्हणजे जास्त कडक यादीतल्या, औषधांची नोंद मेडिकलवाल्याला तीन वर्षं ठेवावी लागते, म्हणून तो चिठ्ठी मागतो तेव्हा वाद घालू नये.

शुगरच्या माणसांसाठी एक सांगायचं राहिलं. गोळ्या फोनवर चालू ठेवता येतात, पण पावलांची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तरी समोर जाऊनच बघून घ्यावा लागतो. पायाला झालेली जखम दुखत नाही म्हणून बरी आहे असं वाटतं. ती न दुखणंच धोक्याचं असतं.

मनाच्या दुखण्याचा हिशेब वेगळा आहे. सोलापूर मोठं असलं तरी इथे दवाखान्याच्या पायरीवर कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच, आणि मानसोपचाराच्या पाटीखाली दिसायला लोक घाबरतात. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही. झोप उडालेली, मन उदास, परीक्षेची धडकी, दारू सुटत नाही म्हणून घरात भांडण: यासाठी पहिलं पाऊल म्हणून मी दवाखान्याआधी हा फोन सुचवते. इथे आवाज पुरतो.

आमच्या फ्रिजवर एक वही टांगलेली आहे. त्यात वडिलांचं बीपी लिहिलेलं असतं, पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ दोनदा घेतलेलं. चालू गोळ्यांची नावं आणि डोस, कुठल्या औषधाची ॲलर्जी, लेकाचं वजन. लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो आणि घाईत ते आठवत नाही. शेजारी थर्मामीटर, बीपीचं मशीन आणि ओआरएसची दोन पाकिटं. गेल्या महिन्यात मावशींनीही त्या वहीत एक पान मागून घेतलं. त्यांच्या गोळ्यांची नावं मी लिहिली, आणि खाली त्यांच्या मुलीने तेलुगूत.