मिरज जंक्शन, नऊ महिन्यांच्या फेऱ्यांनंतर (मुख्यतः पाण्याबद्दल)

आधीच सांगते, हा अनुभव मिरज स्टेशनचा असला तरी मी सगळ्यात जास्त पाण्याच्या नळाबद्दल लिहिणार आहे. प्लॅटफॉर्म, जिने, तिकीट खिडकी ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. आम्ही लातूरचे. आईची ट्रीटमेंट मिरजेला चालू आहे, महिन्याला एक फेरी, अशा नऊ झाल्या. लातूर, धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, कवठेमहांकाळ करत मिरज. साधारण 340 किलोमीटर.

लिहायला बसले ते गेल्या आठवड्यातल्या एका फोनमुळे. पहिल्या फेरीआधी मी ऑनलाइन पाच लिटरचा थंड राहणारा जग घेतला होता, खाली नळ असलेला, 849 रुपयांना. तिसऱ्याच फेरीत पंढरपूरच्या पुढे नळ मुळापासून तुटला आणि सगळं पाणी सीटखाली. समोरच्या काकांची कापडी पिशवी भिजली, त्यात त्यांचे एक्स-रे होते, नशीब की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले होते. कंपनीला तेव्हापासून मेल करतेय, फोटो पाठवले, बिल पाठवलं, आणि सहा महिन्यांनी आता उत्तर काय तर वॉरंटी जगची आहे, नळाची नाही. अहो नळ नसला तर तो जग कशाचा, नुसतं भांडं झालं ना ते. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण घेताना वॉरंटीमध्ये नळ धरलाय का ते नक्की वाचून घ्या.

तर त्या दिवशी मिरजेला उतरलो तेव्हा आमच्याकडे घोटभर पाणी नव्हतं आणि आईची गोळी घ्यायची वेळ झाली होती. त्याआधीच्या दोन फेऱ्यांत मी स्टेशनच्या नळाकडे बघितलंही नव्हतं. जगमधलं पाणी आई फक्त गोळ्यांसाठी राखून ठेवायची, बाकी प्यायला बाटल्या. जाताना चार, येताना चार, तेव्हा रेल नीर 15 रुपये होतं (आता 14 झालंय), म्हणजे फेरीला 120 रुपये नुसते पाण्याचे. वर वाटेतल्या एका स्टेशनवर एका विक्रेत्याने भलत्याच कंपनीची बाटली दिली आणि मी 20 दिल्यावर सुट्टे नाहीत म्हणून पाच रुपयांचं चॉकलेट हातात ठेवलं, ते मला अजून खटकतं. पाच रुपये कमी नाहीत, महिन्याच्या महिन्याला जाणाऱ्या माणसाला असे पाच-पाच रुपयेच जड होतात.

गोळीपुरतं म्हणून मी प्लॅटफॉर्मवरच्या नळाखाली बाटली धरली. धार चांगली जाड. नंतरच्या फेऱ्यांत मी मोबाईलवर वेळ लावून बघितली, लिटरची बाटली कधी अकरा सेकंदात भरते, कधी चौदा. आईने घोट घेतला, दुसरा घेतला आणि मला विचारलं, "इथलंच पाणी आलतं का गं आपल्याकडं?"

मला कळायला दोन सेकंद लागले. हो की, इथलंच.

लातूरबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगायला हवं, कारण 2016 आता बऱ्याच जणांना आठवत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळाला पाणी नाही, आणि पाणी भरण्याच्या जागांवर भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात 144 कलम लावलं होतं, पाण्यासाठी जमावबंदी! तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पाणी कृष्णेचं, मिरजेत रेल्वेची जुनी हैदरखान विहीर आहे तिथून वाघिणी (रेल्वेचे टाकीचे डबे) भरायच्या. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या वर्कशॉपमध्ये आतून वाफेने धुऊन आणल्या होत्या. पहिली गाडी 12 एप्रिलला पहाटे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ऐकायला मोठा आकडा वाटतो पण लातूर चार लाखांच्या आसपासचं शहर, म्हणजे माणशी लिटरपेक्षा थोडं जास्त. मग थोड्याच दिवसांत पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला 25 लाख लिटर, तेव्हा कुठे माणशी सहा लिटरचा हिशोब बसला. पावसाळा लागून पुढे ऑगस्टपर्यंत त्या गाड्या चालू होत्या.

आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा आणि घराला दोनशे लिटर. आई ते घागरीत भरून वर फडकं बांधायची, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासला. तेव्हा मी पंचविशीची होते आणि घागर उचलून दोन जिने चढायचं काम माझं. ते पाणी कुठून येतं हे माहीत होतं, पेपरात रोज फोटो यायचे, पण मिरज मी बघितलेलं नव्हतं. बघितलं नव्हतं पण उन्हाळाभर पीत होते. त्या दिवशी नळाशी उभं राहून हे डोक्यात आलं आणि मला बोलता येईना, आई मात्र शांतपणे दुसरी बाटली धरून उभी.

घरी येऊन वाचायला लागले तर अजून एक गोष्ट कळली. ती पाण्याची गाडी ज्या मार्गाने आली तो मूळचा बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने उभी केलेली छोटी रेल्वे, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आई या गाडीने लग्नाआधी पंढरपूरला गेलेली आहे, तिने प्लॅटफॉर्मवर बसून हातानं रुंदी दाखवली, म्हणाली समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा आणि बाळंतिणीला सगळे मिळून खिडकीची जागा द्यायचे. लातूर ते मिरज सगळा रूळ ब्रॉडगेज, म्हणजे मोठ्या मापाचा, झाला तो दुष्काळाच्या काही वर्षं आधीच. तो झाला नसता तर कोट्याच्या त्या वाघिणी कुर्डुवाडीच्या पुढे आमच्याकडे येऊच शकल्या नसत्या. मोठे रूळ आले तेव्हा मी छोटी गाडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांपैकी होते. ते मत मी बदललं.

मिरजेचं तर अजून वेगळंच. दक्षिणेकडून आलेली मीटरगेज पुणे-मिरज-लोंढा, कोल्हापूरचा फाटा 1891 चा, आणि बार्शी लाईटची छोटी लाईन. 1971 ला पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज झाली पण लोंढ्याकडची मीटरगेज नव्वदच्या दशकापर्यंत तशीच होती. म्हणजे वीसेक वर्षं या एका स्टेशनात तीन मापांचे रूळ होते, 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर. एका मापाच्या गाडीतला माल दुसऱ्या मापाच्या गाडीत जायचा तर माणसांनी डोक्या-खांद्यावरून उतरवायचा आणि चढवायचा, दुसरा उपाय नाही. आज तिथे उभं राहिलं तर यातलं काही दिसत नाही, सगळे रूळ एका मापाचे. तो इतिहास सांगणारा एक ठळक मोठा फलक आत येतानाच दिसायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, जलदूतसकट.

आता सुविधा. आजारी माणूस बरोबर असेल तर शक्यतो सामान एकच घ्या आणि जिन्याला वेळ धरून चला, आम्ही गाडीच्या आधी पाऊण तास येतो. वेटिंग हॉलमध्ये तुम्हाला निम्मे लोक दवाखान्याचे दिसतील, फाईल मांडीवर, एक्स-रेचं मोठं पाकीट उशाला. मिरजेला हे नवीन नाही, डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 ला इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून लांबलांबचे पेशंट इथे उतरतात. त्यामुळे या हॉलमध्ये कुणी कुणाला परकं वाटत नाही. आईच्या तीन मैत्रिणी तिथे झाल्यात, एक कर्नाटकातल्या रायबागच्या आहेत, एकीला दुसरीची भाषा धड येत नाही तरी गोळ्यांच्या वेळा एकमेकींना सांगतात. तिकीट मोबाईलवर काढता येतं. सांगलीला जायला बाहेरून बस, रिक्षा आहेत. चहा ठीक.

हा, एक बघितलेलं सांगते. सहाव्या फेरीला आमच्या बाकाशेजारी एक जण तंबोरा घेऊन उभा होता, जुनी गोधडी गुंडाळून सुतळीने बांधलेला, नुसता मानेचा भाग बाहेर. गर्दी वाढली तशी त्याने तो भोपळ्याची बाजू पोटाशी धरून दोन्ही हातांनी असा कवटाळला की लेकराला धरतात तसा. सतार-तंबोरे मिरजेचेच, 2024 ला त्यांना जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, आणि त्यांना लागणारे भोपळे येतात आमच्याच वाटेवरच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. गायक अब्दुल करीम खाँसाहेबही इथेच राहिलेले, 1937 ला दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मवरच गेले, आणि त्यांना आणलं शेवटी मिरजेलाच, दर्ग्यात त्यांची कबर आहे. आम्ही एकदा गाडीला वेळ होता म्हणून जाऊन आलो.

पाण्याबद्दल माझं मत मधे एकदा फिरलं होतं तेही प्रामाणिकपणे लिहिते. पाचव्या फेरीनंतर आईचं पोट बिघडलं, दोन दिवस काही पोटात राहीना, आणि मी सगळा दोष नळाला दिला. नात्यात चार जणांना फोन करून सांगितलं की मिरज स्टेशनचं पाणी पिऊ नका. सहाव्या फेरीला परत आठ बाटल्या विकत. डॉक्टरांनी बघितलं तर नवीन चालू केलेल्या गोळीने तसं झालं होतं, गोळी बदलली, पोट ताळ्यावर. मग त्या चौघांना मी परत फोन केले. ज्या पाण्यावर आम्ही तो उन्हाळा काढला त्याला मी दोन मिनिटांत वाईट ठरवलं याचं मला फार वाईट वाटलं. सातव्या फेरीपासून पुन्हा नळ. पोट नाजूक असेल तर उकळून थर्मासमध्ये घेऊन या, त्याला माझी ना नाही, पण आम्हा दोघींना नंतर काही झालेलं नाही.

हिशोब: नऊपैकी पाच फेऱ्या नळावर निघाल्या, तिसरी निम्मी धरा. सहाशेच्या वर रुपये वाचले, त्यात आईच्या दोन महिन्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या येतात.

बाटली रुंद तोंडाची आणा, नळाखाली नीट बसते आणि सांडत नाही. गाडी सुटायच्या आधी दहा मिनिटं गर्दी होते, त्याआधीच भरून घ्या. आणि भरताना मागे रांग असली तर आधीचं उरलेलं पाणी ओतून बाटली विसळत बसू नका. आई तर तिथे अजून कुणाला बोलते, "वतू नको बाई, पिऊन टाक." बायका आधी चमकून बघतात, मग ती लातूरची आहे म्हटल्यावर खरंच पितात.

आता डॉक्टरांनी पुढची तारीख तीन महिन्यांनी दिलीय, रिपोर्ट चांगला आहे. जगचं म्हणाल तर कंपनीचा नाद सोडला. आमच्या चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात 40 रुपयांचा पितळी नळ मिळाला, टेफलॉन टेप गुंडाळून घट्ट बसवलाय आणि काल रात्रभर भरून ओट्यावर ठेवला होता. सकाळी खाली ठेवलेला कागद कोरडा होता.