रायन व्हाइट निधी: पार्ट सी की पार्ट डी?

अमेरिकेत गरीब एचआयव्हीबाधित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेपुढे एचआयव्हीच्या उपचारांसाठी सरकारी निधी देणाऱ्या १९९० च्या रायन व्हाइट कायद्यातले दोन पर्याय येतात. पार्ट सी म्हणजे मुख्यतः बाह्यरुग्ण उपचार. खास सूट नसेल, तर सेवांवरचा किमान ७५ टक्के खर्च मूळ वैद्यकीय सेवांवरच करावा लागतो. पार्ट डी बाया, तान्ही बाळं, मुलं आणि तरुणांसाठी. तिथे ही अट नाही. म्हणून आई डॉक्टरकडे असताना पोर सांभाळणं, गाडीभाडं, घरच्यांना आधार हेही त्यात बसतं. उपचार सुटतात ते बरेचदा अशाच अडचणींपायी, त्यामुळे माझं झुकतं माप पार्ट डीला. रुग्णांत प्रौढ पुरुषच जास्त असतील, तर मुकाट्याने पार्ट सी. दोन्हीकडे खर्च आधी मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) किंवा विम्यातून, मग उरलेल्यासाठी हा निधी.